यजमान

अंबाजोगाईला, कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत
सतरा पेट्या आहेत, किल्ली माझ्याकडे.
टाचणीवर माश्या. एकेकीखाली
मोहरीएवढ्या अक्षरांत तिचं गाव.

नफीसा मॅडम रिटायर होताना म्हणाल्या,
पंखांवर जाऊ नकोस, फसशील.
केस मोज. पाठीवरचे राठ केस,
आणि ढालीखाली एक फुगीर उंचवटा असतो,
तो दिसला की समज,
ही दुसऱ्याच्या अंगात वाढून आलीय.

सटवाजी बंडगराची मेंढी शिंकली
तेव्हा माझ्या तळहातावर अळी पडली,
पिवळट, काटेरी, तोंडाशी दोन काळे आकडे.
बरणीत वाळू घालून ठेवली. महिना होत आला तेव्हा
माशी निघाली, भिंगाखाली धरली,
तर तिला धड तोंडच नव्हतं.
जन्माचं जेवण
ती मेंढीच्या नाकात उरकून आली होती.

हत्तीखान्यात वटवाघळाच्या लवेत सापडली
ती तर मला कोळीच वाटली.
पंख?
होते, मॅडम म्हणाल्या, कधीतरी.
उडणाऱ्याच्या अंगावर बसल्यावर
उडायचं कशाला.
तिचं कुळ पूर्वी वेगळं होतं,
आता पुस्तकवाले तिला
कबुतरावरच्या माशीच्या कुळात घालतात.
मी पेटी बदलली, लेबल खोडून नवं लावलं.
सरकारी बदलीसारखं.
माशीला त्याचं काहीच नाही.

आधी वाटायचं, कुणीतरी एक पहिली फुकटी असेल
आणि बाकीचा सगळा तिचा वंश.
तसं नाही म्हणे.
कुजक्या पानांत, शेणात, मढ्यात राबणाऱ्या
निरनिराळ्या घराण्यांतून, निरनिराळ्या काळात
कुणीतरी एक पाऊल टाकलं
मेलेल्याकडून जित्याकडे.
शंभरदा तरी.
एकमेकींना न विचारता.

भाद्रपदात केजकडून फोन आला.
सत्यभामा घुले. एक एकर तुती, पत्र्याची शेड.
"कोषाला भोकं पडायलेत. जालन्याच्या बाजारात
हातात घेऊन परत टाकायलेत लोक."

शेडमध्ये चौथी कात टाकलेल्या अळ्या
पानं खात होत्या, कुणी जुनी वर्तमानपत्रं
हळूहळू चुरगाळावी तसा आवाज.
काहींच्या अंगावर एकच काळा डाग, तिळासारखा.
मी बोलू लागलो: ही ऊझी माशी,
कुळ टॅकिनिडी, छातीवर चार पट्टे...
ती म्हणली, "माझ्याकडं तीनच जाती.
जाळीवर बसलेली.
जाळीतून शिरायलेली.
आन् शिरलेली.
तिसरीचं काही करता येत नाही."

एवढी सुटसुटीत वर्गवारी
मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

तिच्याच पाटावर बसून लेबल लिहिलं.
गाव. तारीख. गोळा करणार: स. घुले.
यजमान:

पेन इथं अडलं, शाई संपत आलेली.
ती वाकून बघत होती.
"लिव्हा की. दत्तोपंत. पुढं कैलासवासी लावा."

सांगितलं मी तिला, की इथं
माशी ज्याच्या अंगात वाढते त्याचं नाव लिहायचं असतं.

तिनं डाग पडलेली अळी ताटातून उचलली,
पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली.
दुसरी उचलली.
"लातूरला नेलतं. डॉक्टर म्हणले उशीर झाला."
तिसरी.
"तिसऱ्या जातीचं होतं."

मी लिहिलं: रेशीम अळी.
पेन झटकून पुन्हा गिरवलं.

निघताना तिनं एकच विचारलं,
"नावाचं राहू द्या.
जाळी किती बारीक घेऊ?"

तेवढं मला येत होतं.
डबीतली माशी पट्टीवर ठेवली,
खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजली.
मच्छरदाणीहून थोडी मोकळी चालेल, म्हणालो.

"मच्छरदाणीचीच घेते," ती म्हणली,
"आन् दाराला दोन लावते."